सूट कराच्या ओळीच्या वर लिहून घ्या: नव्या गाडीच्या कोटेशनमधला जीएसटीचा हिशेब

अमळनेरच्या एका शिक्षकांचा प्रश्न थोडक्यात असा. पेट्रोल हॅचबॅक घ्यायची आहे, एक्स-शोरूम किंमत ८,२६,०००. जळगावच्या शोरूमने आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) ऑफर सांगितली, "अर्धा जीएसटी आम्ही भरू." जीएसटी १८ टक्के, अर्धा म्हणजे ९ टक्के, म्हणून यांनी घरी बसून ८,२६,००० चे ९ टक्के काढले. आले ७४,३४०. कोटेशनच्या तळाशी मात्र पेनने "लेस ६३,०००" लिहिलेलं आहे आणि वरच्या जीएसटीच्या आकड्यात एक रुपयाही कमी झालेला नाही. धुळ्याच्या शोरूमने तोंडी ५०,००० सूट आणि २०,००० एक्स्चेंज बोनस सांगितला आहे. जुन्या गाडीचे जळगावला १,५५,००० मिळतात, धुळ्याला १,४०,०००. यात फसवणूक आहे का, आणि गाडी कुठे स्वस्त पडेल?

फसवणूक नाही. जळगावचा ६३,००० चा आकडा बरोबर आहे. पण तुमचा ७४,३४० चा आकडासुद्धा वाऱ्यावरचा नाही. तीच ऑफर कोटेशनवर दुसऱ्या जागी लिहिली, तर नेमके ७४,३४० च कमी होतात. सूट किती आहे हे सगळे विचारतात. ती कराच्या ओळीच्या वर लिहिली आहे की खाली, हे फार थोडे विचारतात, आणि तुमचे पैसे नेमके तिथेच अडकले आहेत.

एक्स-शोरूम किंमत ही जीएसटी धरूनच सांगितलेली असते. तुमची गाडी ४ मीटरच्या आत आणि १२०० सीसीच्या आत आहे, म्हणजे १८ टक्क्यांच्या गटातली. मूळ किंमत काढायची तर ८,२६,००० ला १.१८ ने भागायचं. येतात ७,००,०००. त्यावर १८ टक्के म्हणजे १,२६,००० कर. अर्धा जीएसटी म्हणजे ६३,०००. तुम्ही ९ टक्के काढले ते कर मिळवून झालेल्या रकमेवर, म्हणून आकडा फुगला. ही चूक जवळजवळ सगळ्यांची होते. पूर्ण जीएसटी माफ अशी जाहिरात वाचून लोक १८ टक्के सूट धरतात. प्रत्यक्षात ११८ रुपयांत कर १८ रुपयांचा असतो, म्हणजे एक्स-शोरूमच्या १५.२५ टक्के. कर माफ करण्याचा अधिकार डीलरला नाहीच. तो कर पूर्ण भरतो आणि तेवढी रक्कम स्वतःच्या नफ्यातून किंवा कंपनीच्या योजनेतून तुम्हाला सोडतो. म्हणून "जीएसटी माफ" हे शब्द ऐकले की मनात "रोख सूट, इतके रुपये" असं भाषांतर करून घ्या.

आता ६३,००० लिहायच्या तीन पद्धती बघा.

पहिली, तुमच्या कोटेशनवरची. मूळ किंमत ७,००,०००, सीजीएसटी (केंद्राचा वाटा) ९ टक्के ६३,०००, एसजीएसटी (राज्याचा वाटा) ९ टक्के ६३,०००, बेरीज ८,२६,०००. मग खाली लेस ६३,०००. तुम्ही देता ७,६३,०००, पण कर भरला जातो पूर्ण ७,००,००० वर.

दुसरी, सूट मूळ किमतीतून आधीच वजा. ७,००,००० वजा ६३,०००, करपात्र मूल्य ६,३७,०००. त्यावर कर १,१४,६६०. बेरीज ७,५१,६६०. ८,२६,००० मधून हे वजा करा, येतात ७४,३४०. हाच तुमचा घरचा आकडा.

तिसरी पद्धत मधली. सूट बिलावर वरच दाखवायची, पण कर धरून ६३,००० च कमी करायचे. बिल होतं ७,६३,०००. त्यात करपात्र मूल्य ६,४६,६१०.१७ आणि कर १,१६,३८९.८३. तुमच्या हाताला बिलात पहिल्याइतकीच रक्कम, पण डीलरच्या खिशातून फक्त ५३,३९० गेले. उरलेले ९,६१० करातून सुटले आणि ऑफर मात्र ६३,००० ची म्हणून सांगितली गेली.

पहिल्या आणि दुसऱ्या पद्धतीत डीलरचा खर्च सारखाच आहे, ६३,०००. तुम्हाला जास्तीचे मिळणारे ११,३४० हे त्याच्या गल्ल्यातून येत नाहीत. गाडी खरोखर कमी किमतीला विकली म्हणून तेवढा कर लागतच नाही. यात आडमार्ग काही नाही. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १५ मध्ये सरळ म्हटलं आहे की विक्रीच्या वेळी किंवा त्याआधी दिलेली आणि बिलावर नोंदवलेली सूट करपात्र मूल्यात धरायची नाही. "बिलावर नोंदवलेली" हे दोन शब्द महत्त्वाचे. पेनने तळाशी लिहिलेली, किंवा गाडी दिल्यावर महिन्याभराने खात्यात टाकतो म्हणून सांगितलेली सूट यात बसत नाही.

मग डीलर वर का लिहीत नाही? इथे परिस्थितीप्रमाणे उत्तर बदलतं. सूट दोन खिशांतून येते. एक हिस्सा डीलर स्वतःच्या नफ्यातून देतो. दुसरा कंपनीच्या योजनेचा असतो, तो डीलर आधी ग्राहकाला देतो आणि कंपनी त्याला नंतर भरून देते. कंपनीने भरपाई दिली की त्या गाडीमागे डीलरला मिळालेली एकूण रक्कम कमी झालेलीच नसते. थोडी तुमच्याकडून, थोडी कंपनीकडून. त्यामुळे त्याचा हिशेबनीस त्या हिश्श्यावरचा कर सोडायला तयार नसतो, आणि त्याची बाजू बिनबुडाची नाही. तिथे फार ताणू नका. पण डीलरच्या स्वतःच्या हिश्श्याला ही अडचण नाही. म्हणून शोरूममध्ये पहिला प्रश्न हा विचारा: "या ६३,००० मध्ये कंपनीचे किती आणि तुमचे किती?" समजा ४०,००० कंपनीचे आणि २३,००० त्यांचे निघाले, तर २३,००० मूळ किमतीतून कमी करायला सांगा. तेवढ्यावरही ४,१४० कर वाचतो. "आमच्या सिस्टीममध्ये होत नाही" हे उत्तर बऱ्याचदा सेल्सवाल्याचं असतं. बिल करणारा माणूस अकाउंट्समध्ये बसतो. त्याला डिस्काउंटचा रकाना माहीत असतो, तेव्हा त्याच्याशी बोलणं करून द्यायला सांगा.

एक्स्चेंजचं गणित वेगळं ठेवा. जुनी गाडी दिली म्हणून नव्या गाडीवरचा जीएसटी कमी होत नाही. काही देशांत जुन्या गाडीची किंमत वजा करून उरलेल्या रकमेवर विक्रीकर घेतात. तिकडचे व्हिडिओ बघून इथे तसं मागणारे भेटतात. आपल्याकडे मोबदल्याचा काही भाग वस्तूच्या रूपात असेल तर बाजारभाव धरला जातो. जीएसटीच्या नियमांतल्या नियम २७ मधलं उदाहरणच बोलकं आहे: जुना फोन देऊन नवा फोन २०,००० ला मिळतो आणि जुना न देता तोच २४,००० ला मिळतो, तर कर २४,००० वर. तुमच्या जुन्या गाडीचे १,५५,००० हा डीलरने तुमच्याकडून केलेला स्वतंत्र खरेदीचा व्यवहार आहे. तो नव्या गाडीच्या बिलात मिसळू देऊ नका. मिसळला की कुठली सूट कुठे गेली ते कळत नाही. बाजारात १,६५,००० ला जाणारी गाडी १,४५,००० ला घेऊन वर २०,००० बोनस देणं फार सोपं असतं. जुन्या गाडीचा भाव आधी दोन ठिकाणी काढून या, तोही नव्या गाडीचा विषय न काढता.

बोनसच्या अटीही वाचा. जुन्या गाडीच्या आरसीवरचं नाव तुमचं किंवा जवळच्या घरच्या माणसाचं लागतं, आणि नात्याचा पुरावा मागतात. बोनस बहुधा जुनी गाडी दुसऱ्याच्या नावावर झाल्याचा कागद आल्यावरच सुटतो. गाडी वडिलांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर आधी वारसाच्या नावावर करून घ्या. नाहीतर २०,००० कागदावरच राहतील.

तिसरा पैलू वाहन कर, ज्याला आपण सरसकट "आरटीओ" म्हणतो. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के आणि त्यावर १३ टक्के. डिझेलला प्रत्येक टप्प्यात २ टक्के जास्त. हा कर जीएसटी धरून झालेल्या किमतीवर लागतो, म्हणजे करावर कर. म्हणून बिलाची रक्कम उतरली की वाहन करही उतरू शकतो. ८,२६,००० वर ९०,८६० होतात, ७,५१,६६० वर ८२,६८२.६०. फरक ८,१७७ चा.

"उतरू शकतो" असं मी मुद्दाम म्हणतोय. नोंदणी करताना डीलर सरकारच्या "वाहन" या नोंदणी पोर्टलवर विक्रीची रक्कम भरतो आणि कर तिच्यावर निघतो. तिथे बिलाची रक्कम टाकली जाते की सूट धरण्याआधीची यादीतली एक्स-शोरूम किंमत, हे सगळीकडे एकसारखं नसतं. आधी विचारा, "पोर्टलवर कुठली रक्कम टाकणार?" पावती हातात आली की तपासणी सोपी आहे. पावतीवरची फक्त वाहन कराची ओळ घ्या, बाकी फी सोडा, आणि तिला ०.११ ने भागा. ९०,८६० ला भागलं तर ८,२६,००० येतात, म्हणजे यादीतली किंमत धरली. कोटेशनवर "आरटीओ" म्हणून गोल रक्कम, समजा ९८,००० लिहिली असेल, तर तिची फोड मागा. कर, नोंदणी फी, स्मार्ट कार्ड, नंबर प्लेट आणि कर्ज असेल तर बोजा चढवण्याची फी, या सगळ्यांच्या पावत्या निघतात. पावती नसलेली रक्कम परत मागायचा तुम्हाला हक्क आहे.

आता तुमच्या दोन शोरूमची तुलना. एक्स-शोरूम, जुनी गाडी आणि वाहन कर एवढंच धरतो. विमा दोन्हीकडे सारखा ठेवलाय.

जळगाव, आहे त्या कोटेशनप्रमाणे: ८,२६,००० वजा ६३,००० वजा जुनी गाडी १,५५,०००, उरले ६,०८,०००. वाहन कर ९०,८६०. एकूण ६,९८,८६०.

धुळे, ५०,००० मूळ किमतीतून कमी केले तर: करपात्र मूल्य ६,५०,०००, कर १,१७,०००, बिल ७,६७,०००. त्यातून बोनस २०,००० आणि जुनी गाडी १,४०,००० वजा, उरले ६,०७,०००. वाहन कर बिलावर धरला तर ८४,३७०. एकूण ६,९१,३७०. म्हणजे धुळे साडेसात हजारांनी स्वस्त.

पण धुळ्याने ते ५०,००० कर धरून म्हटले असतील, तर बिल ७,७६,०००, बोनस आणि जुनी गाडी जाऊन ६,१६,०००, वाहन कर ८५,३६०, एकूण ७,०१,३६०. आता जळगाव अडीच हजारांनी स्वस्त! शोरूम तेच, सूट तीच, फक्त "प्लस टॅक्स की टॅक्स धरून" या एका प्रश्नाने उत्तर उलटं झालं. तोंडी सांगितलेल्या ऑफरवर तुलना करता येत नाही ती यामुळे.

आणि जळगावने ६३,००० मूळ किमतीतून कमी केले तर: बिल ७,५१,६६०, जुनी गाडी वजा जाता ५,९६,६६०, वाहन कर ८२,६८३, एकूण ६,७९,३४३. धुळ्याच्या चांगल्यात चांगल्या भावापेक्षाही बारा हजारांनी कमी. वाहन कर दोन्हीकडे यादीतल्या किमतीवर, म्हणजे ९०,८६० धरला, तरी जळगाव ६,८७,५२० आणि धुळे ६,९७,८६०. क्रम बदलत नाही. म्हणून माझा सल्ला असा: आधी धुळ्याहून छापील कोटेशन आणा, करपात्र मूल्य वेगळ्या ओळीत दिसेल असं. ते घेऊन जळगावला जा आणि सूट वाढवून मागू नका, फक्त वर सरकवून मागा. आणखी दहा हजार सोडा म्हटलं तर मालकाला विचारावं लागतं. तुमच्या खर्चात बदल न होता बिल असं करा म्हटलं तर बोलणं पुढे सरकतं. सगळी सूट कंपनीची निघाली तर हा मार्ग बंद. मग धुळ्याच्या लेखी आकड्यावर निर्णय घ्या.

सूट खाऊन टाकणाऱ्या गोष्टी बहुतेक बिलाच्या बाहेर असतात. सगळ्यात मोठी म्हणजे कर्ज. "आमच्याकडून फायनान्स केलं तर आणखी १५,००० सूट" असं सांगतात. ५ लाखांचं ५ वर्षांचं कर्ज ९ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता १०,३७९ येतो, १० टक्क्यांनी १०,६२४. महिन्याला २४५ म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण ६० हप्त्यांत साधारण १४,७०० होतात. सूट गेली. अर्धा टक्का जास्त असेल तर साधारण ७,३०० जातात. व्याजदर, प्रोसेसिंग फी आणि कर्जासोबत चिकटवलेला विमा, तिन्ही लेखी घ्या. शिक्षकांच्या पतसंस्थेचा दर काय पडतो तोही विचारून ठेवा.

विम्याचा हप्ता शोरूममधून आणि बाहेरून असे दोन्ही काढा. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. त्याचा दर सरकार ठरवतं, त्यात घासाघीस नाही. फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागात आणि झीरो डेप्रिसिएशनसारख्या (भरपाईतून झीज न कापणाऱ्या) जोडण्यांत. शोरूमचाच विमा घ्या अशी सक्ती करता येत नाही. "विमा बाहेरून घेतला तर सूट नाही" असं ऐकू आलं, तर ती सूट खरं म्हणजे विम्याच्या कमिशनातून येत होती हे समजून घ्या. बिलाची रक्कम कमी झाली म्हणून विमा मूल्य कमी होईल ही भीती बाळगू नका. ते कंपनीच्या यादीतल्या किमतीवरून ठरतं, नव्या गाडीला ५ टक्के घट धरून. ८,२६,००० ला ७,८४,७००. एक अपवाद आहे. रिटर्न टू इन्व्हॉइस ही जोडणी घेतली असेल तर गाडी चोरीला गेल्यावर बिलाची रक्कम धरली जाते, आणि बिल कमी तर भरपाई कमी.

हँडलिंग किंवा लॉजिस्टिक चार्ज नावाची ओळ दिसली तर ती काढायला सांगा. गाडी शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीत असतोच. ॲक्सेसरीजच्या रूपातली सूट रोख सुटीएवढी धरू नका. १५,००० ची किट म्हणजे छापील किमतीचे १५,०००. तीच मॅट, सीट कव्हर, मड फ्लॅप बाहेर कितीला बसतात ते विचारा आणि तेवढंच मोल धरा.

तुमच्या प्रश्नात नाही, पण हे वाचणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून दोन-तीन गोष्टी सांगतो.

गाडी कुठल्या गटात बसते यावर वर-खालीचा फरक ठरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोल, सीएनजीची १२०० सीसीच्या आतली आणि डिझेलची १५०० सीसीच्या आतली गाडी, दोन्ही ४ मीटरच्या आत असतील तर १८ टक्के. त्याहून मोठी ती ४० टक्के. उपकर गेला. वीजेवरच्या गाडीला ५ टक्के. म्हणजे मोठ्या एसयूव्हीवर डीलरने मूळ किमतीतून १ लाख सोडले तर बिल १,४०,००० नी उतरतं, वीजेवरच्या गाडीवर फक्त १,०५,००० नी. मोठ्या गाडीला सूट वर लिहून घेण्यासाठी जरूर भांडा. वीजेवरच्या गाडीत त्यावर वेळ घालवण्यापेक्षा चार्जर बसवण्याचा खर्च कोण करणार ते ठरवा.

किंमत १० लाखांच्या आसपास असेल तर आणखी लक्ष द्या. बिल १० लाखांच्या वर गेलं की पूर्ण रकमेवर १ टक्का टीसीएस (डीलरने तुमच्याकडून घेऊन तुमच्या नावे भरायचा आयकर) लागतो, फक्त वरच्या रकमेवर नाही. तो आयकर विवरणपत्रात परत मिळतो, पण पॅन बरोबर दिलेला पाहिजे आणि विवरणपत्र भरलं पाहिजे. १०,२०,००० ची पेट्रोल गाडी बिलावरच्या सुटीने ९,९५,००० वर आली तर टीसीएस नाही, आणि वाहन कर बिलावर धरला तर १२ ऐवजी ११ टक्के: १,२२,४०० ऐवजी १,०९,४५०. पंचवीस हजारांच्या सुटीमागे १२,९५० आणखी वाचले. तीच सूट खाली लिहिली तर यातलं काहीच नाही.

नवापूर-नंदुरबारकडची मंडळी सुरतला आणि रावेर-शिरपूरकडची मध्य प्रदेशात भाव काढतात. जीएसटीचा दर देशभर एकच आहे, तिथे काही वाचत नाही. वाहन कर तुमच्या पत्त्याच्या राज्याचा लागतो. तिथल्या नातेवाइकाच्या पत्त्यावर नोंदणी करून गाडी इकडे वापरली, तर १२ महिन्यांच्या वर ठेवताना इथला नंबर आणि इथला कर घ्यावाच लागतो. तिकडचा परतावा मिळवायला फेऱ्या होतात त्या वेगळ्या. डीलरची सूट खरोखर जास्त असेल तरच बाहेर जा, कराच्या आशेने नको.

व्यापारी बंधू विचारतात, फर्मच्या नावावर घेतली तर जीएसटीचं क्रेडिट (भरलेला कर आपल्या देण्यातून वजा) मिळेल का. माणसं नेणाऱ्या, चालकासह १३ आसनांपर्यंतच्या गाडीवर मिळत नाही. अपवाद गाड्या विकणाऱ्यांना, प्रवासी वाहतूक करणाऱ्यांना आणि ड्रायव्हिंग स्कूलला. कर गाडीच्या किमतीत धरून आयकरात १५ टक्के घसारा घ्या, वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर असेल तर अर्धा. कंपनीच्या नावावर घ्यायची असेल तर वाहन कराचा दर बराच जास्त आहे, तो आधी बघा. मालवाहू पिकअपवर क्रेडिट मिळतं, पण तुमचा माल करपात्र असेल तरच. सावदा-रावेरकडे फक्त ताजी केळी भरणाऱ्या व्यापाऱ्याचा माल करमुक्त आहे, म्हणून पिकअपवरचा जीएसटी त्याचा खर्चच होतो. त्याच केळीचे वेफर्स करून विकणाऱ्याला तो वजा घेता येतो. आणि फौजी भावांनी कॅन्टीनमधून घेताना हा सगळा हिशेब बाजूला ठेवावा. तिथे कॅन्टीन विभागाला निम्म्या जीएसटीचा परतावा असतो आणि किंमत तिथल्या यादीप्रमाणे ठरते.

परत तुमच्याकडे येतो. बुकिंगची रक्कम देण्याआधी शोरूमच्या शिक्क्याचं प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, म्हणजे अंतिम बिलाआधीचं कच्चं बिल, घ्या. त्यात या ओळी याच क्रमाने दिसायला हव्यात: मूळ किंमत, वजा सूट, करपात्र मूल्य, सीजीएसटी, एसजीएसटी, एकूण. त्याखाली कंपनीच्या योजनेची रक्कम, एक्स्चेंज बोनस आणि जुन्या गाडीची किंमत, तिन्ही वेगवेगळ्या. खाली राहिलेल्या प्रत्येक रकमेपुढे ती कधी आणि कशी मिळणार ते लिहून घ्या: तुमच्या देण्यातून वजा, की नंतर खात्यात. "नंतर" असेल तर तारीख. ज्या सेल्सवाल्याने तोंडी कबूल केलं तो दोन महिन्यांनी दुसऱ्या शोरूमला असतो.

हे सगळं अंतिम टॅक्स इन्व्हॉइस निघण्याआधी करा. इन्व्हॉइस निघालं आणि तीच रक्कम वाहन पोर्टलवर गेली की सूट वर सरकवण्यासाठी डीलरला क्रेडिट नोट काढावी लागते आणि भरलेला वाहन कर परत मिळवणं तुमच्या गळ्यात पडतं. त्या दिवशी बिलावर सही करण्याआधी मोबाइल काढा, करपात्र मूल्याला १.१८ ने गुणा. आलेली रक्कम तुम्ही ठरवलेल्या बिलाच्या रकमेशी जुळली तरच चेक फाडा. जळगावचं सगळं मनासारखं झालं तर तो आकडा ७,५१,६६० असेल.